अप्पांच्या तंबोऱ्याची घोडी

"हाड लावायचं नाही," मी म्हटलं.

इलाहीभाई तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसले होते. बोटाच्या पेरानं ते त्यावर टकटक करत होते. माझं बोलणं म्हणजे गल्लीतून गेलेली रिक्षा असावी, तसे ते आणखी थोडा वेळ टकटक करत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

"काय म्हणालात?"

"नवी घोडी बसवावी लागेल म्हणालात ना. ती हाडाची नको. लाकडाची करा. आमच्या अप्पांची लाकडाचीच होती."

तारा ज्या दोन बोटं रुंद पट्टीवर टेकतात ती घोडी. तंबोरा झंकारतो की नुसता वाजतो हे तिच्या पाठीवर ठरतं, एवढं गाणाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मलाही ठाऊक होतं. अप्पांच्या तंबोऱ्याची घोडी जागची सुटून तारांना लोंबत होती. काळीभोर, वरच्या बाजूला तारांच्या खाली चार मळकट फिकट रेघा आणि कडेला केसाएवढा तडा. इलाहीभाईंनी ती सोडवली, उलटी करून पाहिली, अंगठ्यानं पुसली.

"लाकडाची," ते म्हणाले.

"शिसवी."

"करून देतो. वाजणार नाही."

"अप्पांची चाळीस वर्षं वाजली."

"वाजली की." त्यांनी घोडी शेजारच्या डब्यात टाकली. "तुम्ही गाता का, बाई?"

"नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवते."

"असं होय," ते म्हणाले. मी एखाद्या दुखण्याचं नाव सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "भोपळ्याला चीर कशानं गेली?"

"भावाच्या घरी फरशी बदलत होते. कुणीतरी सिमेंटचं पोतं त्याला टेकवून ठेवलं."

"टेकवून," ते म्हणाले. चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं. "तबलीही बसली आहे. ही वरची लाकडी चकती. ती खोलून आतून उचलावी लागेल. आणि परत चिकटवायची कशानं? आम्ही सरस वापरतो."

"वापरा."

"सरस कशाचा करतात ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं. जनावरांची कातडी उकळून. सांगताना ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"दुसरं काही नाही का?"

"आहे. खुर्च्यांना लावतात तो पांढरा गोंद."

मी थोडा विचार केला. "सरस दिसत तर नाही."

"हां," इलाहीभाई म्हणाले. "दिसत नाही. मग चालतं."

मी कापडी पिशवी उचलली आणि मिरजेच्या त्या गल्लीतून बाहेर पडले. दोन्ही बाजूंना दुकानांच्या वाशांना वाळलेले भोपळे टांगले होते. असल्या माणसाकडे अप्पा चाळीस वर्षं का येत राहिले असतील, असं मला वाटलं. उर्मट माणसं अप्पांना खपत नसत. उर्मटपणाचा घरचा पुरवठा त्यांना पुरेसा होता.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. अप्पा म्हणजे माझे वडील, जयसिंगपूरचे मगदूम मास्तर. शाळेत गाणं शिकवायचे, संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायचे आणि पर्युषणात बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, स्तवनं म्हणायचे. माझ्या आजोबांनी त्यांना गाणं शिकायला परवानगी दिली ती एका अटीवर. उंबऱ्याच्या आत हाड आणि चामडं येणार नाही. अप्पांनी ती अट पाळली, नुसती पाळली नाही तर पोसून मोठी केली. तबला बाहेरच्या पडवीत असायचा आणि तो तबलजीच्या मालकीचा असायचा, म्हणजे ते चामडं आमचं नव्हतं. तंबोरा मात्र आतल्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी. कारण त्याची घोडी लाकडाची होती. येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगत. पाहुण्यानं तंबोऱ्याकडे नुसती मान वळवली तरी सांगत. मी दहावीला असताना मावशीनं मला चामड्याची पर्स दिली. ती अप्पांनी दोन बोटांत धरून पडवीत नेऊन ठेवली. तिथून ती तबलजीच्या बायकोकडे गेली.

पुढं मी उदय घोरपडेशी लग्न केलं. त्याच्या घरी मटण होतं. आमच्या घरी, म्हणजे सांगलीला, दर रविवारी होतं. मी स्वतः खात नाही, पण ते अप्पांच्या दृष्टीनं बारीक अक्षरातलं कलम होतं. लग्नाला ते आले नाहीत. नंतर अकरा वर्षांत चार वेळा माझ्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसायचे. सोबत फिरकीच्या तांब्यात स्वतःचं पाणी आणायचे. माझ्या मुलीनं एकदा त्यांच्यापुढं पेला धरला. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तांब्याची फिरकी उघडली. तिनं पेला परत आत आणून मोरीत ओतला. ती तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं काही विचारलं नाही, हे मला जास्त लागलं.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. तीन वर्षं ते अंथरुणावर होते, बोलणं गेलं होतं. तंबोरा कोपऱ्यात गेला, तिथून फरशीच्या कामात बाहेरच्या खोलीत, आणि तिथं त्याला सिमेंटचं पोतं भेटलं. अप्पा गेल्यावर उशाखाली एक कागद सापडला. डाव्या हातानं लिहिलेली वेडीवाकडी अक्षरं: तंबोरा त्रिशलाला. माझा धाकटा भाऊ महावीर तो कागद घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडावर दुःख होतं आणि सुटकाही होती. त्याच्या नव्या दिवाणखान्यात फुटका तंबोरा बसत नव्हता.

"तुलाच का, अक्का?" त्यानं विचारलं. "तुला तर सा लावता येत नाही."

"म्हणूनच असेल," मी म्हटलं. "टोमणा आहे तो."

मला खरंच तसं वाटत होतं. मेल्यावरही माणसानं एक चिमटा काढून ठेवावा, हे अप्पांना शोभण्यासारखं होतं.

महावीरनं वर्षश्राद्धाऐवजी कार्यक्रम ठरवला होता. 'संगीततपस्वी भूपाल मगदूम स्मृतिसंध्या' असा फलक लिहून तयार होता. अप्पा जिवंत असताना त्यांना तपस्वी कुणी म्हटलं नव्हतं. मास्तर म्हणायचे, आणि शाळेतली पोरं त्याहून बरंच काही म्हणायची. शिष्य गाणार होते, आणि अप्पांचाच तंबोरा वाजला पाहिजे असा महावीरचा हट्ट होता. पत्रिकेत त्यानं तसं छापलंही होतं. तंबोरा दुरुस्त होईल की नाही हे छापण्याआधी विचारायची त्याला गरज वाटली नव्हती. दुरुस्त करून आणायला मी हो म्हटलं.

मी लाकडाचा आग्रह धरला तो भक्तीनं नव्हे. देवधर्माची पुस्तकं मी वाचली होती ती शिकवण्यासाठी. कारण साधं होतं. अप्पांनी अकरा वर्षं माझ्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही ते एका तत्त्वासाठी. ते तत्त्व मला मूर्खपणाचं वाटत होतं, पण ते खरं होतं. ती घोडी लाकडाची होती. माणूस सगळ्यांशी सारखाच कठोर होता, स्वतःशीही, स्वतःच्या गाण्याशीही. तेवढं जरी शाबूत राहिलं, तरी अकरा वर्षं अगदीच फुकट गेली असं म्हणावं लागलं नसतं. मी त्या तंबोऱ्याला हाड लावलं असतं, तर ते माझ्याच हातानं निकालात निघालं असतं.

आठ दिवसांनी मी परत गेले. काम चांगलं झालं होतं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागलं. भोपळ्याची चीर शोधून सापडत नव्हती. तबली सपाट झाली होती. खुंट्या नव्यानं बसवल्या होत्या, आणि मधोमध शिसवी घोडी, सुबक, तेलानं चमकणारी.

"ऐका," इलाहीभाई म्हणाले, आणि त्यांनी तारांवरून बोटं फिरवली.

चारही तारा वाजल्या. वाजल्या आणि जागच्या जागी विझल्या. दारावर कुणी ओल्या हातानं थापा माराव्यात तसा आवाज होता. त्यांनी तार आणि घोडी यांच्यामधला दोऱ्याचा तुकडा थोडा पुढं सरकवला, थोडा मागं सरकवला. त्या बारीकशा दोऱ्यानं तंबोऱ्याला कंठ फुटतो, हे मी लहानपणी हजार वेळा पाहिलं होतं. इथं काही फुटलं नाही.

"असा नव्हता," मी म्हटलं.

"कसा होता?"

"असा नव्हता."

एवढी पुस्तकं वाचून मला याहून जास्त सांगता आलं नाही.

"तुम्ही नीट घासली नसेल," मी म्हटलं.

इलाहीभाईंनी तंबोरा भिंतीला टेकवला. ते साठीचे असावेत. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला कानशीनं पडलेला घट्टा होता. तो घट्टा ते चोळत राहिले.

"माझे अब्बा चाळीस वर्षं घोड्या घासत होते, मी पंचेचाळीस वर्षं घासतोय. तुम्ही आठ दिवस ऐकताय. बरं." त्यांनी डबा पुढं ओढला, त्यातून अप्पांची जुनी काळी घोडी काढली आणि एका पात्यासकट माझ्या हातात दिली. "खरवडा."

"कुठं?"

"कुठंही. बाजूनं खरवडा."

मी पातं ओढलं. काळा पापुद्रा निघाला. खाली पांढरं होतं. मला वाटलं रंगाच्या आधी चुना दिला असेल. मी आणखी खोल ओढलं. पांढरी भुकटी माझ्या साडीवर पडली आणि दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा वास आला.

"उंटाचं आहे," इलाहीभाई म्हणाले. "माझ्या अब्बांच्या हातचं. आता असं घट्ट हाड मिळतही नाही."

मी घोडी खाली ठेवली नाही. हातात धरून बसले.

"पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? मास्तरांनी मला सांगू नको म्हटलं होतं. तुम्ही लाकूड मागितलंत, मी लाकूड दिलं. आता तुम्ही माझ्या हाताला नाव ठेवलंत, म्हणून सांगितलं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. म्हणजे पहिली अब्बांनी लाकडाचीच करून दिली होती. मास्तर पंधरा दिवसांत परत आले. म्हणाले, मियाँ, हा तंबोरा नाही, पाट आहे. याच्यावर जेवता येईल, गाता येणार नाही. मग अब्बांनी हाडाची केली. मास्तर ऐकत बसले. उठेचनात. आणि जाताना म्हणाले, ही काळी करून दे."

"रंग कसला?"

"आधी शाई लावायचो. घामानं उतरायची. मग कलप. केसांचा."

अप्पांचे केस तिशीपासून पांढरे होते. कलप लावणाऱ्यांची ते भर मैफलीत थट्टा करायचे.

"दर खेपेला घोडीची पाठ घासली की रंग जायचा," इलाहीभाई सांगत होते. आता ते बोलायला लागले होते, आणि मला नको असलेलं सगळं सांगणार होते. "मग परत लावायचा. वाळायला तासभर लागतो. तेवढा वेळ मास्तर इथंच बसायचे, तुम्ही बसलाय तिथं. चहा घ्यायचे."

"इथं चहा घ्यायचे?"

"घ्यायचे की. दोनदा. बशीत ओतून. आमच्या घरचा चहा त्यांना आवडायचा. आलं जास्त असतं."

"तुमच्याकडे मटण होतं का, इलाहीभाई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ईदला होतं. अधूनमधून रविवारीही. का?"

"काही नाही."

मिरजेहून सांगलीला जाणाऱ्या बसचा थांबा त्या गल्लीच्या तोंडाशी आहे. बसला अर्धा तास लागतो. मी ते अंतर मनात दोनदा जाऊन आले.

"शेवटचे आले तेव्हा तुमचं बोलले होते," इलाहीभाई म्हणाले. "दुखणं यायच्या आधी. म्हणाले, माझ्यामागं हा मुलीकडं जाईल. पोराला नको. पोरगा बघेल आणि बोंब मारेल. मुलीकडं हाड चालतं."

"असंच म्हणाले?"

"असंच."

"आणखी काही?"

"दोऱ्याची गुंडी मागितली. गेले."

म्हणजे तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला निदान कुणाला तरी दुखवायचं असतं. अप्पांनी फक्त सोय पाहिली होती. घरात एक बाटलेली जागा होती, तिथं त्यांनी आपलं बाटलेलं सामान नेऊन ठेवायची व्यवस्था केली होती. ज्या घरात पाणी चाललं नाही, त्या घरात हाड चालणार होतं. मला हसू आलं. फार वाईट हसले असणार, कारण इलाहीभाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. मी तो प्यायले.

"हाडाची करतो मग," ते म्हणाले.

"करा."

"काळी?"

"पांढरीच ठेवा."

"मास्तरांचा कार्यक्रम आहे म्हणालात. लोक असतील."

"म्हणूनच."

शिसवी घोडी त्यांनी सोडवली आणि मला देऊ केली. ती मला नको होती. त्यांनी ती फळीवर ठेवून दिली, कुणा जैन गवयाला लागेल म्हणाले. त्यांनी हे गंभीरपणे म्हटलं की कसं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

चार दिवसांनी मी तंबोरा आणायला गेले. "वाजवून दाखवू?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. मला त्याच्या आवाजात आता रस नव्हता. मला घोडी हवी होती. ती पांढरीस्वच्छ होती, दुरूनही दिसत होती.

कार्यक्रमात जे व्हायचं ते मी मनात शंभरदा घडवून पाहिलं होतं. आधी महावीर विचारेल. मग मी सांगेन, एकदाच, आवाज न चढवता. एक वाक्य तयारही केलं होतं. नंतर ते पुढच्या रांगांपर्यंत जाईल, आणि चाळीस वर्षं ज्यांना ज्यांना ती लाकडी घोडी दाखवली गेली होती त्या सगळ्यांच्या नजरा अप्पांच्या फोटोवर जातील. बास. एवढंच मला हवं होतं. अप्पांना उत्तर द्यायला तोंड नव्हतं, पण ते त्यांना शेवटची तीन वर्षंही नव्हतं.

जैन बोर्डिंगच्या हॉलमध्ये आम्ही पाचला पोचलो. उदय मागच्या रांगेत जाऊन बसला. असल्या ठिकाणी तो नेहमी मागच्या रांगेत बसतो. व्यासपीठावर चंदनाचा हार घातलेला फोटो होता, त्यात अप्पा हसत होते. असा फोटो कुठून मिळवला कोण जाणे. मी तंबोरा आडवा ठेवला आणि खोळ काढली.

महावीर फुलांची टोपली घेऊन आला. थांबला.

"अक्का, ही घोडी पांढरी का?"

"हाडाची आहे. उंटाच्या. अप्पांचीही हाडाचीच होती, पहिल्यापासून. वरून कलप लावत होते. मिरजेत विचार." हेच माझं वाक्य. ते नीट म्हटलं गेलं.

महावीरनं फोटोकडे पाहिलं नाही. त्यानं हॉलच्या दाराकडे पाहिलं, लोक आले का ते.

"हळू बोल," तो म्हणाला.

"तुला काही वाटत नाही?"

"वाटायचं ते रात्री वाटेल, अक्का. आता पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष बसणार आहेत." टोपलीतून त्यानं झेंडूचा एक हार काढला आणि घोडीवर आडवा घातला. जरा मागं होऊन पाहिलं, परत पुढं होऊन हार पसरट केला. आजोबांची अट, अप्पांचा कलप आणि आता हा झेंडू. घराणं चालू राहणार होतं.

तेवढ्यात चौगुले सर वर आले. हे अप्पांचे सगळ्यात जुने शिष्य. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, बुटके, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. अप्पांबरोबर मिरजेला तंबोरा उचलून नेण्याचं कामही वर्षानुवर्षं त्यांचंच. ते माझ्याशी कधी फार बोलले नव्हते. मीही त्यांची फार दखल घेतली नव्हती. अप्पांच्या मागं मान हलवणाऱ्यांपैकी एक, एवढीच माझ्या लेखी त्यांची नोंद होती.

"महावीर, हार काढ तो," ते म्हणाले. "तारा दबतात."

त्यांनी स्वतःच तो काढून बाजूला ठेवला, तंबोरा उभा करून मांडीशी घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून घोडीकडे पाहिलं.

"या खेपेला कलप नाही लावला का इलाहीभाईंनी?" त्यांनी विचारलं. आज पाऊस नाही का, असं विचारावं तसं.

महावीर फुलांची टोपली घेऊन खाली गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी म्हटलं.

"आम्हा सगळ्यांनाच. दोरा सरकवताना तारांखाली पांढरं दिसायचं की. चार महिन्यांत रंग घासून जायचा." ते खुंटी पिळत होते. "घरच्यांना दिसत नसे, कारण घरचं कुणी हात लावत नव्हतं."

"आणि तरी तो बस्तीत न्यायचे."

"न्यायचे. देव काही बोलले नाहीत. आम्ही कशाला बोलू."

माझ्या हातात जे होतं ते सगळं संपलं. आठवडाभर मी धार लावत होते ती असल्या वस्तूला, जी या लोकांनी रोज हाताळून बोथट करून ठेवली होती. मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही.

"मिरजेत चहा प्यायचे, तेव्हा तुम्ही असायचात?"

"असायचो. मीही प्यायचो."

"मग माझ्याकडे..."

चौगुले सरांनी तार छेडली, कान दिला, पुन्हा पिळली. त्यांना ऐकू गेलं नाही असं मला वाटलं. मग ते खाली बघूनच बोलायला लागले.

"मी एकदा म्हटलं होतं त्यांना. रंग वाळत होता तेव्हाच. म्हटलं, मास्तर, सांगलीची गाडी कोपऱ्यावर उभी आहे. तासभर लेकीकडं जाऊन येऊ. घोटभर पाणी प्या तिच्या हातचं. कोण बघतंय?"

"मग?"

"म्हणाले, चौगुले, एक खोटं सांभाळतोय तेवढं पुरे. दुसरं झेपणार नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, त्रिशलाताई. नाहीतर मी सांगणार नव्हतो."

"बरं केलंत," मी म्हटलं.

मी खाली आले आणि उदयशेजारी मागच्या रांगेत बसले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. लोक आले. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले. घोडी पांढरी होती, उघडी होती, दिव्याच्या उजेडात चमकत होती, आणि तिच्याकडे एकाही माणसाचं लक्ष गेलं नाही. तपस्वी हा शब्द भाषणांत अकरा वेळा आला. मग चौगुले सरांनी तारांवर बोटं ठेवली.

त्या क्षणी मला एकच गोष्ट हवी होती. तो तंबोरा वाईट वाजावा. फुटका भोपळा होता, सांधलेला होता, वर्षानुवर्षं धूळ खात पडला होता. वाईट वाजायला त्याला पुष्कळ सबबी होत्या.

तो वाईट वाजला नाही. पहिल्या तारेचा आवाज दुसरीच्या आत गेला, दुसरीचा तिसरीत, आणि चौथ्या तारेला आवाज न म्हणता जमीन म्हणावं असं काहीतरी खालून वर आलं. हॉलमधली कुजबुज आपोआप थांबली. उदयला गाण्यातलं काही कळत नाही. त्यानं खुर्चीच्या दांडीवरचा हात उचलून मांडीवर घेतला. अजून कुणी गायला सुरुवात केली नव्हती, आणि आणखी थोडा वेळ कुणी करू नये असं वाटत होतं.

आयुष्यात एकच खोटं झेपणार असेल, तर ते कशावर खर्च करावं, हे अप्पांनी बरोबर ठरवलं होतं. मागच्या रांगेत बसून मला ते मान्य करावं लागलं. बावीस वर्षं झाली. मान्य केल्याचा राग अजून गेलेला नाही.